राणीच्या बागेत झाडं बघायला जाताना

मुंबईतली राणीची बाग बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली, तर महापालिका त्या दिवशी बाग उघडी ठेवते आणि गुरुवारी बंद. हा नियम ठाऊक नसल्यामुळे पोरंबाळं घेऊन गुरुवारी बंद फाटकाशी उभी राहिलेली कुटुंबं सणासुदीच्या दिवसांत हमखास दिसतात. तेव्हा आधी कॅलेंडर बघायचं, आणि शनिवार-रविवारही शक्यतो सोडून द्यायचे. सुट्टीला इथे किती माणूस लोटतं, तर १ जानेवारी २०२३ या एका दिवसात तीस हजारांहून जास्त लोक आत गेले होते. तेवढ्या गर्दीत वाघ दिसेल कदाचित, झाड दिसणार नाही. सोमवार, मंगळवार, नाहीतर शुक्रवार धरावा. शाळांच्या परीक्षा चालू असतील तर सोन्याहून पिवळं.

वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय हे पाटीवरचं पूर्ण नाव. त्यात वनस्पती आधी येतात आणि ते बरोबरच आहे. शिवडीला ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची जुनी बाग होती. ती जागा दफनभूमीसाठी घेतली गेली आणि बाग भायखळ्याला आली. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते १९ नोव्हेंबर १८६२ रोजी ती खुली झाली. प्राणी नंतर आले. सुमारे पन्नास एकरांच्या आवारात तीन हजारांहून जास्त झाडं आणि त्यांच्या पावणेतीनशेच्या वर जाती आहेत. बर्मा, मादागास्कर, आफ्रिका, दक्षिण अमेरिका इथली झाडं सह्याद्रीतल्या झाडांच्या शेजारी मोठी झालेली आहेत. एवढं सगळं लोकल ट्रेनच्या अंतरावर असताना माणसं पेंग्विनच्या रांगेत दोन तास घालवून परत जातात, याचं वाईट वाटतं.

आता केव्हा जायचं ते. हवा चांगली असते ती डिसेंबर-जानेवारीत, पण फुलांचा हिशेब वेगळा आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचे सहा आठवडे सगळ्यांत दाट. उर्वशी, सीता अशोक आणि ब्राऊनिया या तिघांची फुलं एकाच फेरीत मिळण्याची शक्यता तेव्हाच जास्त. ताम्हण एप्रिल-मे. गोरखचिंच जून-जुलै. बुचाची फुलं दिवाळीच्या आगेमागे. ऐन पावसाळ्यात जायला हरकत नाही, खोडांवरची शेवाळं आणि आळंबी तेव्हाच बघावीत. फक्त वारा सुटला की मोठ्या पर्जन्यवृक्षांखाली थांबायचं नाही. त्यांच्या आडव्या फांद्या पाण्याने जड होतात आणि कसलीही पूर्वसूचना न देता सुटतात. बागेतली काही झाडं वर्षातून पंधरा दिवसच फुलतात, त्यामुळे एका फेरीत सगळं बघून होत नाही. वर्षात तीन फेऱ्या, फेब्रुवारीअखेर, जून आणि ऑक्टोबर, असं वेळापत्रक ठेवलं तर बरंचसं हाती लागतं.

मध्य रेल्वेने भायखळ्याला उतरायचं, पूर्वेला बाहेर पडायचं आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गाने लालबागच्या दिशेने चालायचं. दहा-बारा मिनिटांत उजव्या हाताला बागेचं प्रवेशद्वार येतं. फाटक सकाळी साडेनऊच्या सुमारास उघडतं. त्याआधी आत असतात ते सकाळी फिरायला येणारे लोक. तिकीट २०१७ पर्यंत पाच रुपये होतं. त्या वर्षी ते मोठ्या माणसाला ५० आणि लहान मुलाला २५ झालं, आईवडील आणि दोन मुलं अशा कुटुंबाला १००. दर बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी महापालिकेच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्यावं. तिथेच तिकीट काढता येतं आणि खिडकीवरची रांग वाचते. फोनवर फोटो काढायला कोणी अडवत नाही. मोठा कॅमेरा नेणाऱ्याने त्याचं शुल्क विचारून घ्यावं. प्लास्टिकच्या पिशव्या आणि बाहेरचं खाणं पिशवीत ठेवू नये, तपासणीला वेळ जातो. स्टीलच्या बाटलीत पाणी पुरे.

पिशवीत काय असावं? दहापट मोठं दाखवणारं हातभिंग, आठपट मोठं दाखवणारी ८ बाय ४२ ची दुर्बीण असली तर फार चांगलं, पेन्सिल आणि जाड पुठ्ठ्याची वही, पंधरा सेंटीमीटरची पट्टी, एक कोरा पांढरा कागद आणि पाच मीटर सुतळी. शिंप्याचा टेप दीड मीटरचाच असतो, इथल्या खोडांना तो अर्धाही पुरत नाही. घेर मोजायचा तो जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीला. सुतळी खोडाभोवती आडवी फिरवायची, गाठीशी खूण करायची आणि मग ती पट्टीवर मोजायची. जमिनीलगत मोजलं तर आधारमुळांमुळे आकडा भलताच फुगतो आणि तोच आकडा पुढे कोणीतरी झाडाचं वय म्हणून सांगत सुटतं. डासांसाठी मलम विसरू नये. दाट सावलीच्या भागात, विशेषतः पावसाळ्यानंतर, डास उभं राहू देत नाहीत. टोपी घालावी. ती उन्हासाठी नाही, कशासाठी ते पुढे येईलच.

आमचा क्रम ठरलेला आहे: सकाळी झाडं, दुपारी संग्रहालय, चारनंतर प्राणी. बहुतेक लोक याच्या उलट करतात आणि मग भर दुपारी झोपलेला बिबट्या बघून चिडतात. सकाळीच झाडं का, तर रात्री फुलणाऱ्या झाडांची फुलं पहाटे गळून पडलेली असतात आणि सफाईचा झाडू फिरण्याआधी ती गाठावी लागतात. तीस-चाळीस फूट उंचीवरच्या फुलाची रचना खालून समजत नाही. खाली पडलेलं, अजून ताजं असलेलं फूल कोऱ्या कागदावर उताणं ठेवलं की सगळं कळतं. साडेनऊपर्यंत रस्ते झाडून झालेले असतात, पण झाडांच्या आळ्यांच्या कडेला, कठड्यांच्या मागे आणि बाकांखाली फुलं राहतात. तिथे वाकून बघायचं. झाडावरचं काहीही तोडायचं नाही. पानसुद्धा पडलेलंच उचलायचं.

फाटकातून आत आलं की घाईने पुढे न जाता पहिल्याच मोठ्या झाडाखाली दहा मिनिटं द्यावीत आणि पान वाचायचा सराव करावा. इथे गडबड होते ती संयुक्त पानाची. एका दांड्यावर दहा-बारा पानं दिसतात, ती पानं की पर्णिका, म्हणजे एकाच पानाचे सुटे भाग? खूण साधी आहे. पानाच्या बगलेत, जिथे देठ फांदीला जुळतो तिथे, बारीक कोंब असतो. पर्णिकेच्या बगलेत तो कधीच नसतो. भिंग लावून कोंब शोधायचा. जिथे सापडेल तिथून पुढचं सगळं मिळून एक पान. मग पानं फांदीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक, ते बघायचं. या दोन प्रश्नांनी निम्मी झाडं बाद होतात आणि उरलेल्यांत नाव शोधणं सोपं जातं. साल, चीक, वास, काटे ही चौकशी त्यानंतर.

फोटो एका झाडाचे निदान पाच हवेत: पूर्ण झाड, खोडाची साल, पानाची वरची आणि खालची बाजू पट्टीसकट, फूल किंवा फळ, आणि नावाची पाटी व आजूबाजूची जागा. शेवटचा फोटो लोक काढत नाहीत आणि सहा महिन्यांनी ते झाड सापडत नाही. नुसत्या पानाचा फोटो ॲपला दिला तर ते खुशाल शेजारच्या कुळातलं नाव सांगतं, कारण अशा परदेशी झाडांचे फोटो त्याच्याकडे मुळात कमी असतात. ॲपने सांगितलेलं नाव हा अंदाज समजावा. वहीत त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह घालावं.

पाट्यांवरही डोळे मिटून विश्वास टाकू नये. काही पाट्यांवर जुनी शास्त्रीय नावं आहेत. ती चूक नव्हे, शास्त्रज्ञांनी नंतर नावं बदलली. पर्जन्यवृक्षाचंच बघा, एन्टेरोलोबियम समान, समानिया समान, अल्बिझिया समान असा त्याचा प्रवास आहे आणि जुन्या-नव्या पुस्तकांत ही तिन्ही सापडतात. त्यामुळे घरी आल्यावर नाव जुळवताना तिन्ही शोधावी लागतात. दुसरी अडचण अशी की, दोन झाडं लगत असली की पाटी नेमकी कोणाची ते कळत नाही, किंवा मूळ झाड पडून गेलेलं असतं आणि पाटी शेजाऱ्याच्या नावावर खपते. पाटीवर लिहिलेलं पान आणि समोरचं पान जुळतं का एवढं एकदा बघितलं की फसगत टळते.

आता ज्यांच्यासाठी फेब्रुवारी धरला त्या तिघांकडे. सीता अशोक, ब्राऊनिया आणि उर्वशी ही एकाच शेंगाकुळातली. तिघांचीही कोवळी पालवी एका विचित्र सवयीची असते. नवीन पानांचा अख्खा झुबका फांदीच्या टोकाशी लुळा लोंबतो, फिकट तपकिरी-गुलाबी, पाणी न मिळाल्यासारखा. पहिल्यांदा बघणाऱ्याला झाड आजारी वाटतं. तसं काही नसतं. पान पूर्ण लांबीचं होईपर्यंत हरितद्रव्य आणि ताठपणा यांवर झाड खर्च करत नाही. लांबी पुरी झाली की चार-पाच दिवसांत पान हिरवं होतं, कडक होतं आणि वर उचललं जातं. त्यामुळे नुसत्या लुळ्या पालवीवरून तिघांतला फरक सांगता येत नाही आणि इथेच बहुतेक जण चुकतात.

फुलं असतील तर प्रश्नच नाही. सीता अशोकाचे दाट गुच्छ फांदीलाच, कधी जुन्या लाकडालाही, चिकटून येतात. पिवळट-नारिंगी चार पाकळ्यांसारखं जे दिसतं त्या पाकळ्या नव्हेत. अशोकाच्या फुलाला पाकळ्या नसतातच, रंगतो तो पुष्पकोश, म्हणजे फुलाचं बाहेरचं आवरण, आणि फूल जुनं होत जातं तसा नारिंगीचा लाल होतो. एकाच गुच्छात तिन्ही छटा दिसतात त्या यामुळे. ब्राऊनियाचा फुलोरा गोल, चेंडूसारखा, लालभडक आणि बहुधा पानांच्या आत दडलेला. झाडाबाहेर उभं राहून तो दिसत नाही, फांद्यांखाली जाऊन वर बघावं लागतं. फुलं बाहेरच्या फेरीपासून आतल्या फेरीकडे उमलतात, तेव्हा चेंडू अर्धा उमललेला असताना बघितला तर कळ्यांची मांडणीही कळते.

उर्वशीपाशी मात्र वेळ काढून थांबावं. बर्मात साल्वीन नदीच्या काठी, एका मठाच्या बागेत १८२७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ नॅथॅनिएल वॉलिच यांना हे झाड भेटलं. त्यांनी गव्हर्नर जनरलची पत्नी लेडी ॲमहर्स्ट आणि त्यांच्या मुलीच्या नावावरून त्याला ॲमहर्स्टिया नोबिलिस म्हटलं. रानात ते फार थोड्या वेळा मिळालेलं आहे. जगभर जे आहे ते बागांमधूनच. फुलोरा हातभर लांब, उलटा टांगलेला. त्याच्या मुख्य दांड्यावरून एकेका फुलाचा लाल देठ बाजूला निघतो. प्रत्येक फुलाच्या मागे दोन मोठी लाल सहपत्रं, म्हणजे फुलालगतची पानं, पंखांसारखी पसरलेली असतात, तीच लांबून पाकळ्या वाटतात. खऱ्या पाकळ्या पाच, पण एकसारख्या नाहीत. वरची एक रुंद, पंख्याच्या आकाराची आणि तिच्या टोकाला पिवळाधमक डाग; दोन बाजूच्या अरुंद, त्यांच्याही टोकाला पिवळं; उरलेल्या दोन इतक्या बारीक, की भिंगाशिवाय त्या आहेत हेच कळत नाही. पुंकेसर दहा, त्यांतले नऊ तळाशी एकमेकांना जोडलेले आणि दहावा सुटा. खाली पडलेलं फूल मिळालं तर कागदावर ठेवून हे सगळं पाच मिनिटांत मोजून होतं. फुलं नसतील तर पडलेलं पान उलटं करायचं: उर्वशीच्या पर्णिका मोठ्या, वीत-दीड वीत लांब, आणि खालून पांढुरक्या असतात. अशोकाच्या तशा नसतात.

या झाडाची काळजी का वाटते तेही सांगायला हवं. उर्वशीला शेंगा धरतात, पण फार क्वचित. बी मिळत नाही म्हणून फांदीलाच मुळं फोडून, म्हणजे गुटी किंवा दाब कलमाने, रोपं करावी लागतात आणि त्यांतली बरीच मरतात. कोरडा वारा तिला सोसत नाही, मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही, कडक ऊन चालत नाही. म्हणजे मोठं झाड गेलं की त्याच्या जागी दुसरं उभं करायला एक पिढी जाते. २००७ साली बागेच्या आधुनिकीकरणाचा मोठा आराखडा आला तेव्हा झाडांवर प्रेम करणाऱ्या नागरिकांनी त्याला कडाडून विरोध केला आणि पुढे तो बराच आवरता घ्यावा लागला. त्यामागे हाच हिशेब होता. पिंजरा नवा बांधता येतो.

कैलासपती शोधावा लागत नाही, वासच बोलावतो. फुलं खोडातूनच निघालेल्या दोरखंडासारख्या फांद्यांवर येतात, थेट माणसाच्या उंचीवर, त्यामुळे भिंगाने बघायला याच्याइतकं सोयीचं झाड नाही. सहा जाड पाकळ्या, मध्ये चकतीवर बारीक पुंकेसरांची गोल कडी आणि एका बाजूने त्यावर वाकलेला फणा. शंकराच्या पिंडीवर नागाचा फणा म्हणून लोक हात जोडतात. मूळचं झाड दक्षिण अमेरिकेतलं आहे हे ऐकून बऱ्याच जणांना धक्का बसतो. फण्यावरचे केसर आणि कडीतले केसर वेगवेगळ्या कामाचे असतात. या फुलात मध नाही. फण्यातला पराग वांझ असतो, तो भुंग्याला खाऊ म्हणून. भुंगा तो गोळा करत असताना कडीतला सकस पराग त्याच्या पाठीला लागतो आणि पुढच्या फुलावर जातो. सकाळी दहाच्या आत काळा भुंगा आलेला असला तर हे समोर घडताना दिसतं. फळं तोफेच्या गोळ्याएवढी, पिकायला वर्ष तरी लागतं. खाली फुटलेलं फळ पडलं असेल तर त्याचा वास नाक धरायला लावतो. झाडाच्या बुंध्याशी बसू नये, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

गोरखचिंच, म्हणजे आफ्रिकेतला बाओबाब, इथे आहे आणि त्याच्याबद्दल जेवढ्या थापा ऐकू येतात तेवढ्या दुसऱ्या कशाबद्दलही नाहीत. ‘हे झाड हजार वर्षांचं’ असं कोणी सांगितलं तर बाग केव्हाची ते आठवावं. घेरावरून बाओबाबचं वय निघत नाही. त्याचं लाकूड स्पंजासारखं पाणी साठवतं, पावसाळ्यात खोड किंचित फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. शिवाय जुनं खोड आतून पोकळ होतं, त्यामुळे वलयंही मोजता येत नाहीत. ओळखण्यात घोटाळा होतो तो काटेसावरीशी, कारण दोन्हींचं पान पंजासारखं. काटेसावरीच्या कोवळ्या खोडावर शंकूसारखे काटे असतात आणि प्रत्येक पर्णिकेला स्वतःचा छोटा देठ असतो. गोरखचिंचेला काटे नाहीत आणि पर्णिका थेट मधल्या बिंदूला चिकटलेल्या. फेब्रुवारीत गेलात तर दोघीही निष्पर्ण असतील, पण सावर लाल फुलांनी भरलेली आणि गोरखचिंच नुसती राखाडी. पावसाच्या तोंडावर तिला पानं येतात आणि जून-जुलैत पांढरी, वीतभर रुंद फुलं. ती संध्याकाळी उमलतात, रात्री वटवाघळं येतात आणि सकाळी फूल मातीवर. ते लगेच तपकिरी पडतं, म्हणून याच्यासाठी फाटक उघडताक्षणी पोचायला हवं.

सॉसेज ट्री, म्हणजे कायजेलिया, याचंही तसंच. लांब दोरीला टांगलेली काळपट लाल फुलं रात्री उघडतात, वटवाघळांच्या भरवशावर. फळं दुधीसारखी लटकतात, फूट-दीड फूट लांब आणि वजनाला चांगली पाच किलोच्या वर. देठ सुटला की सरळ खाली. खाली बाक असला तरी बसायचं नाही. खोडालाच पिवळ्या मेणबत्त्या टांगल्यासारखी फळं लागणारं पनामाचं मेणबत्तीचं झाडही याच कुळातलं. ते दिसलं तर फळाचा वास घ्यावा, सफरचंदाची आठवण होते.

वटवाघळांचा विषय निघालाच आहे तर मान वर करायची. राणीच्या बागेतलं सगळ्यांत मोठं जंगली जनावर कुठल्याही पिंजऱ्यात नाही. उंच झाडांच्या शेंड्यांना काळी फळं लागल्यासारखी दिसतात ती मोठी फळवटवाघळं. पंख पसरले की मीटरभराहून जास्त. दिवसभर ती पुरती झोपलेली नसतात. भांडतात, सरकतात, आणि ऊन वाढलं की एका पंखाने स्वतःला वारा घालतात. दुर्बिणीतून त्यांचा तांबूस, कोल्ह्यासारखा चेहरा नीट दिसतो. टाळ्या वाजवून किंवा दगड मारून त्यांना उडवणारे महाभाग अधूनमधून भेटतात. दिवसा उगाच उडावं लागलं तर त्यांची शक्ती वाया जाते आणि उन्हाळ्यात ते जिवावर बेतू शकतं. तांबट, धनेश, पोपट, घारी हे फुकटात. पावसाळ्यात रात ढोकरी आणि बगळे झाडांवर घरटी करतात, आणि टोपी लागते ती तेव्हा.

साडेबारा-एकपर्यंत डोकं आणि पाय दोन्ही भरतात. मग आवारातल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जावं. ते १८७२ पासून याच इमारतीत आहे, तिकीट वेगळं आणि सुट्टी तीच, बुधवारची. बाहेरचा दगडी हत्ती चुकवू नये. घारापुरीला ‘एलिफंटा’ हे नाव ज्याच्यामुळे पडलं तोच हा. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला होता, उचलताना तो फुटला, तुकडे इथे आले आणि १९१४ मध्ये ते जोडून त्याला पुन्हा उभं केलं. सांधे जवळून दिसतात. काळा घोडाही, म्हणजे सातव्या एडवर्डचा तो अश्वारूढ पुतळा, १९६५ मध्ये फोर्टातून हलवून याच आवारात ठेवला आहे.

चारच्या सुमारास प्राण्यांकडे. वाघ, बिबट्या, अस्वल, तरस यांच्या नव्या जागांना मोठ्या काचा आहेत. काचेला नाक लावून उभं राहिलं की आपलंच प्रतिबिंब दिसतं, म्हणून दोन्ही हातांचा आडोसा करून बघावं आणि फोटो काढताना फोन काचेला टेकवावा, फ्लॅश बंद ठेवून. पाखरांच्या मोठ्या जाळीघरात माणसालाच आत चालता येतं. तिथे मधल्या वाटेवर एका जागी पाच मिनिटं न हलता थांबलं की पक्षी जवळ येतात, रेटत पुढे जाणाऱ्यांना फक्त शेपट्या दिसतात. पेंग्विन हम्बोल्ट जातीचे, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. जुलै २०१६ मध्ये सेऊलहून आठ आले, मार्च २०१७ पासून लोकांना बघायला मिळू लागले, आणि त्यांची खोली १६ ते १८ अंशांवर ठेवावी लागते. त्यांच्याकडे जायचं तर सोमवारी नाहीतर मंगळवारी संध्याकाळी. रांग तेव्हाच सुसह्य असते. तिकीट खिडकी फाटक बंद होण्याच्या बरीच आधी बंद होते आणि गर्दीच्या दिवशी आणखी लवकर, त्यामुळे ‘संध्याकाळी येऊन पटकन बघू’ हा बेत फसतो.

बाहेर पडताना एक काम उरतं. ज्या झाडांचे फोटो काढले त्यांच्या बुंध्याकडे परत एकदा बघून यावं. फरशी किंवा सिमेंट खोडाला भिडलेलं आहे का, आळ्यात भराव टाकून खोडाची मान गाडली गेली आहे का, सालीवर पांढरी पिठूळ कीड आहे का. मुंबईत कितीतरी पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकणाने उभेच्या उभे वाळले, तेव्हा ही खूण लवकर दिसलेली बरी. झाडाभोवती निदान मीटरभर माती मोकळी हवी. नसेल तर जागेचा फोटो, तारीख आणि जवळच्या पाटीचं नाव घेऊन उद्यान खात्याकडे तक्रार नोंदवता येते. ‘राणीच्या बागेतलं एक मोठं झाड’ अशा तक्रारीवर कोणी येत नाही. नाव, जागा आणि छातीच्या उंचीचा घेर लिहिलेला असला की माळ्याला ते झाड सापडतं.